आतली कड

दिवाळी पाडव्याच्या सकाळी वाईच्या घरी अंगणात रांगोळी काढून मी मागं वळले, तर अण्णा माझ्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसलेले. वय ७६, गुडघे दुखतात, खाली बसायचं तर कशाला तरी धरूनच बसतात. मला वाटलं, खिशातलं काही पडलं असेल. मान वर न करताच म्हणाले, "स्टिअरिंग पार डावीकडं फिरव."

फिरवलं. चाक वळून मडगार्डच्या बाहेर आलं. अण्णांनी फटीत हात घातला आणि टायरवरून तळवा फिरवला. आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. डोळे मिटलेले. भाकरीचं पीठ बारीक आलंय की जाडं, हे आई चिमटीत धरून बघायची, तेव्हा तिचा चेहरा असाच व्हायचा.

"ये, तूही घाल हात. बेतानं हं. तार निघाली असली तर बोट फाटेल."

बाहेरच्या खाचा खोल होत्या, बोटाचं टोक आत बसत होतं. मधल्याही बऱ्या होत्या. पण आतली कड, गाडीच्या पोटाकडची, जिथं उभ्या माणसाची नजर कधी पोचत नाही, तिथं नक्षी उथळ होऊन गेली होती. शिवाय तळवा एका दिशेनं सुळकन गेला आणि उलट आणताना करवतीच्या दात्यांवरून फिरवल्यासारखा अडखळला.

"किती चाललीय?"

"चौदा हजार."

"चौदाच?" त्यांनी पुन्हा विचारलं आणि माझ्या खांद्याला धरून उठले.

अण्णा ३४ वर्षं एसटीत होते. त्यातली बरीचशी आगाराच्या टायर विभागात गेली. तिथं प्रत्येक टायरला नंबर आणि प्रत्येक नंबराचं कार्ड. कुठल्या गाडीला लागला, कुठल्या बाजूला, किती किलोमीटर चालला, कधी उतरवला, रिमोल्डला, म्हणजे झिजल्यावर नवं रबर चढवायला, कधी गेला, परत कधी आला. नवा टायर पुढं लावायचा, रिमोल्ड होऊन आलेला मागं. मागच्या जोडचाकातला आतला टायर बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याच्यावर लोखंडी पहार आपटून आवाज ऐकायचा. हवा बसली असली की ठण्ण आवाज न येता भद्द वाजतो. लहानपणी त्यांच्यासोबत आगारात गेले की मी तो आवाज ऐकत बसायची. माझ्या गाडीची आतली कड त्यांनी आधी बघितली ती या सवयीमुळं. न दिसणारी बाजू आधी बघायची, हा त्यांच्या नोकरीचा भागच होता.

माझी गाडी इलेक्ट्रिक आहे. कोथरूडहून चांदणी चौक, तिथून हायवेनं हिंजवडी आणि परत, असा रोजचा प्रवास. महिन्यातून एकदा वाई, नव्वदेक किलोमीटर, मध्ये कात्रजचा बोगदा आणि खंबाटकी. चांगली गाडी आहे. मनापासून आवडते मला. सिग्नलला पाय ठेवला की आवाज न करता निघते आणि घाटात चढताना दमत नाही. पण हे न दमणं कुणाच्या तरी अंगावर पडतं, हे मला पाडव्यापर्यंत उमगलं नव्हतं.

तसं टायरबद्दल मी आधी एकदा विचारलं होतं. दहा हजाराच्या सर्व्हिसिंगला गाडी दिली, तेव्हा पुढचे टायर जरा जास्त झिजल्यासारखे वाटले म्हणून काउंटरवर बोलले. उत्तर आलं, "मॅडम, ईव्ही आहे. ईव्ही टायर खातेच." अगदी सहज, हसून. मीही मान डोलावली.

हे वाक्य खोटं नाही, पण अर्धंच आहे, आणि उरलेला अर्धा भाग मालकाच्या खिशाला आणि जिवाला महाग पडतो.

खरा अर्धा भाग असा. बॅटरीमुळं गाडी जड असते. त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा दोन-तीनशे किलो जास्त धरायला हरकत नाही. ते सगळं वजन चार तळहातांएवढ्या जागेवर उभं असतं, कारण टायर कोणत्याही क्षणी रस्त्याला तेवढाच टेकलेला असतो. त्यात मोटरचा जोर शून्यापासून पुरा मिळतो. पेट्रोलच्या इंजिनाला जोर धरायला थोडा वेळ लागतो, क्लच सुटतो, फेरे वाढतात, तेवढ्यात रबर सावरून घेतं. इथं पाय दाबला की जोर चाकावर हजर. माझ्या गाडीची मोटर पुढं आहे, म्हणजे ओढायचं काम पुढच्या दोन चाकांचं. आणि पाय उचलला की तीच मोटर जनित्र होऊन गाडीचा वेग खाते, बॅटरीत थोडी वीज परत भरते. मी खंबाटकी जवळजवळ ब्रेक न लावता उतरते आणि त्याचा मला अभिमान होता. ब्रेकची पॅडं नव्यासारखी आहेत. पण वेग कमी करायचा म्हणजे शेवटी कुठल्या तरी रबरानं रस्ता धरायचाच असतो. पेडलनं ब्रेक लावला तर चारही चाकं थोडाथोडा भार घेतात. मोटरनं रोखलं की सगळा भार मोटरच्याच चाकांवर जातो.

हे मी अण्णांना सांगितलं, तेव्हा त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे ओढतातही हीच, धरतातही हीच आणि वळवायचं तेही ह्यांनीच. आणि मागची दोन?"

"मागची नुसती मागं येतात."

"मग बदली नको का करायला?"

आता न सांगितलेला अर्धा भाग. वजनानं आणि जोरानं टायर लवकर झिजतो हे खरं, पण तो साधारण सगळ्या रुंदीवर झिजतो. दोन्ही कडा झिजून मध्य शाबूत असेल तर हवा कमी आहे. मध्यच गेला असेल तर हवा जास्त आहे. जागोजागी वाटीसारखे खळगे पडले असतील तर शॉकअब्सॉर्बर बघा. आणि एकच कड गेली असेल, हाताला करवत लागत असेल, तर चाकं सरळ धावत नाहीत, रोज थोडी तिरकी होऊन रस्त्यावर घासताहेत. डोळ्याला दिसणार नाही इतकाच तो तिरपेपणा असतो, पण हजारो किलोमीटर तो घासत राहतो. हे अलाइनमेंटचं दुखणं आहे. पेट्रोलच्या गाडीलाही होतं, बैलगाडीलाही व्हायचं. जड गाडी त्याच खड्ड्यात जरा जोरात आदळते, म्हणून लवकर होत असेल. पण "ईव्ही आहे" म्हटलं की कुणी अलाइनमेंट तपासायला जात नाही, आणि ते जास्त वाईट.

दुपारी जेवणं झाल्यावर मी सर्व्हिसिंगचं बिल शोधलं. त्यावर स्पष्ट छापलं होतं, टायर रोटेशन, म्हणजे चाकांच्या जागांची अदलाबदल, आणि पुढं रक्कम. गाडी घेतल्यावर दुसऱ्याच महिन्यात ऑफिसच्या पार्किंगमध्ये फुटपाथला घासून पुढच्या डाव्या टायरच्या कुशीवर एक चंद्रकोरीसारखा ओरखडा पडला होता. तेव्हा हळहळून त्याचा फोटोही काढला होता. तो ओरखडा पाडव्यालाही पुढं डावीकडंच होता. दुसरी खूण म्हणजे प्रत्येक टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या पुढच्या दोन्ही टायरांचा आठवडा मागच्यांपेक्षा वेगळा होता आणि जुन्या फोटोतही तसाच होता. चाकं जागची हललीच नव्हती. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त राग आला तो मी विश्वासानं चार हजार किलोमीटर तशीच हिंडले याचा, त्यातले निम्मे पावसात.

त्या दुपारी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. जुन्या गाडीच्या वेळी टायरकडं लक्ष जायचं ते टायरसाठी म्हणून जायचंच नाही. ऑइल बदलायला गाडी जायची, वर उचलली जायची, आणि वर आहेच म्हणून कुणीतरी चाकं बदलायचं. पंपावर पेट्रोल भरायला थांबलं की बाजूला हवेचं यंत्र असायचं, पोरगा यायचा, "ताई, हवा बघू?" आता ऑइल नाही, पंप नाही. गाडी रात्री घरी पार्किंगमध्ये चार्ज होते. हवा बघायचं निमित्त गेलं, चाक काढायचं निमित्त गेलं, आणि नेमकं याच गाडीला दोन्हींची गरज जास्त. माझ्या सोसायटीत सात-आठ इलेक्ट्रिक गाड्या आहेत. परतल्यावर मी त्यांच्या मालकांना विचारलं. गेल्या महिन्यात हवा तपासलेले दोनच निघाले.

संध्याकाळी वाईच्या बाजारातून नक्षीची खोली मोजायचं छोटं मापक आणलं. पितळी सुई असते, खाचेत रोवली की मिलिमीटर दिसतात. अण्णांनी जुनी डायरी काढली, रेघा मारून चार रकाने केले आणि मी सांगत गेले तसे आकडे लिहिले. पुढचा डावा: बाहेर ५.३, मध्ये ५.२, आत ३.९. पुढचा उजवा: ५.३, ५.२, ४.४. मागचे दोन्ही सगळीकडं ६.७ च्या आसपास. नवे असताना ७.६ होते.

कायद्यानं मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. म्हणजे ७.६ पैकी वापरायचे सहाच मिलिमीटर. मध्यभागाच्या हिशोबानं माझा टायर पस्तीस हजार किलोमीटर चालला असता. आतल्या कडेच्या हिशोबानं तेविसाव्या हजाराला संपला असता. आणि टायर काही सरासरीनं बाद होत नाही, जिथं सगळ्यात जास्त झिजला तिथं बाद होतो. बाकीचं धडधाकट रबर त्याच्यासोबत भंगारात जातं. बाहेरून बघणाऱ्याला तर तो तेव्हाही चांगलाच दिसला असता.

"उद्या दादा येतोय ना भाऊबीजेला," अण्णा म्हणाले, "त्याला त्याचा जॅक आणि तो कट् वाजणारा पाना आणायला सांग."

दादा साताऱ्याला एमआयडीसीत आहे. ट्रॉली जॅक आणि टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला कट् वाजणारा पाना, घेऊनच आला. ओवाळणं झालं, आणि साडीचा पदर खोचून मी अंगणात उतरले. त्याला वाटलं होतं, तो करील आणि मी बघीन. मी म्हटलं, पाना माझ्या हातात दे, तू नुसता चुकलं तर सांग.

आधी जागा. आमच्या अंगणात शहाबादी फरशी आहे आणि जॅकच्या चाकाखाली शहाबादी तडकते, म्हणून खाली जाड फळी. मग जॅक नेमका कुठं लावायचा, हा इलेक्ट्रिक गाडीतला सगळ्यात मोठा प्रश्न. दारांच्या खाली, गाडीच्या पोटभर, बॅटरी पसरलेली असते. जॅक चुकून तिच्या तळावर लागला आणि गाडीचं वजन त्यावर आलं, तर नुकसान कितीचं होईल हे सांगायला नको. गाडीच्या पुस्तकात चार जागा दाखवलेल्या असतात, दारांखालच्या पट्टीवर, चाकांच्या जवळ, आणि पत्र्यावर तशी खूणही असते. तिथंच लावायचा, बोटभरही आत नाही. त्या पट्टीखाली पत्र्याची उभी शिवण असते. तिच्यावर सरळ जॅक टेकला तर ती चेपते. अण्णांनी सकाळीच माळ्यावरून जुन्या रबराचा एक जाड तुकडा शोधून काढला होता आणि सुरीनं त्याला मधोमध खाच पाडून ठेवली होती. शिवण त्या खाचेत बरोबर बसली.

गाडी एका जागी धरून ठेवणं हेही समजून घ्यावं लागतं. पार्किंगचं बटण दाबलं की गाडी अडकली असं आपल्याला वाटतं. पण ते कुलूप मोटरच्या चाकांना असतं, आणि त्यातलं एक चाक हवेत गेलं की दुसरं फिरू शकतं. म्हणून हँडब्रेक हवाच, शिवाय जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. एवढं करूनही जॅकवरच्या गाडीखाली हात-पाय घालायचा नाही. काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवायचं, जॅक निसटलाच तर गाडी चाकावर बसेल.

आता चाकं कुणाची कुठं जाणार? पुढची मोटर असलेल्या गाडीत पुढची दोन सरळ मागं जातात आणि मागची दोन बाजू बदलून पुढं येतात. डावं मागचं उजवीकडं, उजवं मागचं डावीकडं. मोटर मागं असेल, जशी महिंद्रच्या काही इलेक्ट्रिक गाड्यांत आहे, तर उलट: मागची सरळ पुढं आणि पुढची बाजू बदलून मागं. टायरच्या कुशीवर बाण कोरलेला असेल तर त्याला फिरायची एकच दिशा चालते, त्यानं आपली बाजू सोडायची नाही. आणि पुढचे-मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे असतील तर ही अदलाबदल विसरायची.

चार चाकं एकमेकांच्या जागी जायची, तर चारही एकदम हवेत हवीत. त्याला चार स्टँड लागतात. आमच्याकडं जॅक एकच. मी कागदावर बाण काढत बसले होते. अण्णा म्हणाले, "डिकीत स्टेपनी आहे की."

त्यांनी सांगितलेला क्रम इतका साधा होता की मला पुन्हा एकदा ऐकावासा वाटला. पुढचं डावं काढ, त्या जागी स्टेपनी. ते काढलेलं मागं डावीकडं लाव. तिथून निघालेलं पुढं उजवीकडं. तिथलं मागं उजवीकडं. तिथलं पुढं डावीकडं, आणि स्टेपनी परत डिकीत. पाच वेळा जॅक, पण एका वेळी एकच चाक हवेत. पाणी भरायला रिकामी कळशी लागते, तसं एक जास्तीचं चाक मोकळं ठेवलं की बाकीची चारही आपापल्या नव्या जागी पोचतात. हल्ली पुष्कळ इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनी देतच नाहीत, नुसता पंक्चरचा पंप देतात. त्यांना स्टँड घ्यावेच लागतील.

स्टेपनी हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो, पण तो वेल्समधल्या लानेली गावाच्या एका रस्त्याचं नाव आहे. १९०४ मध्ये तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस भावांनी मोटारीसाठी जास्तीचं चाक विकायला सुरुवात केली. रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं, आणि आपल्याकडं ते अजूनही बोललं जातं. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला. "इतकी वर्षं म्हणतोय, कुणी सांगितलं नाही," म्हणाले.

पहिलं चाक निघायला वेळ लागला. नट आधी गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करायचे, कारण हवेत चाक नटासोबत फिरतं. मी पाना लावून जोर दिला, हलेना. दादा पुढं आला. अण्णांनी त्याला हातानं थांबवलं आणि मला म्हणाले, "पाय नको देऊस. पाठ सरळ ठेव, पाना तुझ्याकडं ओढ, ढकलू नकोस." ओढला. कर्र आवाज झाला आणि सुटला. ओढताना हात सटकला तर मोकळा सुटतो, ढकलताना सटकला तर बोटं पत्र्यावर आपटतात. हे त्यांनी नंतर सांगितलं.

डावं पुढचं चाक फरशीवर आडवं पडलं आणि चौदा हजार किलोमीटरांनंतर मी आतली कड पहिल्यांदा डोळ्यांनी बघितली. बाहेरची बाजू काळी, ठसठशीत. आतली कड राखाडी, खरबरीत, प्रत्येक ठोकळ्याचा एक काठ धारदार आणि दुसरा बसका. मी तिच्यावरून बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. माझी आजी, अण्णांची आई, विरलेल्या लुगड्याला दंड घालायची. नऊवारी नेसलं की बसण्या-उठण्यानं मधला भाग आधी विरतो, दोन्ही टोकांकडचं कापड चांगलं राहतं. ती लुगडं उन्हाकडं धरायची, विरलेला पट्टा शोधायची, तेवढा कापून काढायची आणि उरलेले दोन तुकडे जोडून शिवायची. लुगडं आखूड व्हायचं, पण आणखी वर्ष-दीड वर्ष जायचं. उन्हाकडं धरून बघायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. विरेपर्यंत थांबलं तर फाटतं, हे तिला ठाऊक होतं. आजी गेल्याला पुष्कळ वर्षं झाली. त्या फरशीवर, त्याच अंगणात, ती मला फार आठवली.

पुढची चाकं भराभर झाली. नट नेहमी आधी बोटांनी फिरवायचे, दोन-चार आटे सरळ बसले की मगच पाना, नाहीतर आटे जातात. पाच नट असतील तर एकाशेजारचा दुसरा घट्ट करायचा नाही. हात न उचलता चांदणी काढतो त्या क्रमानं जायचं, म्हणजे चाक सगळीकडून सारखं बसतं. शेवटचा कस चाक जमिनीवर आल्यावर टॉर्क रेंचनं. किती न्यूटन-मीटर ते गाडीच्या पुस्तकात बघायचं, शेजाऱ्याला विचारायचं नाही. पान्यावर आकडा लावला, हळूहळू ओढला, आणि कट्.

अण्णा पुढं झुकले. "परत वाजव."

त्यांच्या काळात बसचे नट लांब पाइप घालून, वर उभं राहून आवळायचे. किती आवळलं हे हाताला कळायचं, किंवा कळलं असं समजायचं. त्यांनी रेंच हातात घेतला आणि शेवटच्या चाकाचे पाचही नट स्वतः तपासले. प्रत्येक वेळी कट् झालं की मान हलवायचे. मी त्यांच्या डोक्यावर उन्हाला छत्री धरून उभी होते.

एका बाबतीत मात्र त्यांचा जीव रमेना. रोटेशन म्हणजे कमी नक्षीचे टायर मागं आणि जास्त नक्षीचे पुढं. पावसात ते उलट हवं. टायर बनवणारेही हेच सांगतात, चांगली जोडी मागं ठेवा. पुढचा घसरला तर गाडी सरळ जाते, पाय काढला की बहुतेक वेळा सावरते. मागचा पाण्यावर तरंगला तर गाडी गर्रकन फिरते आणि कुणालाच सावरत नाही. आमचा फरक दीड मिलिमीटरचा, पुढं सहा-सात महिने कोरडे, म्हणून त्यांनी होकार दिला. हेच जूनमध्ये असतं तर त्यांनी हात लावू दिला नसता. म्हणूनच दर आठ-दहा हजाराला करायचं असतं, फरक इतका वाढूच द्यायचा नसतो. माझं ते पहिलं वेळापत्रक कागदावरच झालं, आणि आता त्याची किंमत हप्त्याहप्त्यानं फेडायची होती.

शेवटी हवा. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पुढची-मागची वेगळी लिहिलेली असते, टायर थंड असताना भरायची. चाकानं जागा बदलली की दाबही नव्या जागेचा. गाडीच्या पडद्यावर मात्र चाकं अजून जुन्या नावांनीच दिसत होती, सेन्सरांना नव्या जागा शिकवायला लागतात. तोवर डावं पुढचं म्हणजे कुठलं, हे मी चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डला लावलं.

हात धुवायला आम्ही तिघं नळावर गेलो, तेव्हा पाणी काळं होऊन मोरीत गेलं. दादा म्हणाला, "एवढं हातालाच लागलं, बाकीचं रस्त्यावर." ते मनातून जाईना. चार टायरांचं काही मिलिमीटर रबर चौदा हजार किलोमीटरवर मी शिंपडत गेले होते. त्यातलं थोडं धूळ होऊन हवेत, उरलेलं पहिल्या पावसाबरोबर गटारात, ओढ्यात, आणि इथलं असेल तर कृष्णेत. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात शहरालगतच्या ओढ्यांत दर पावसानंतर कोहो सामन मासे तडफडून मरायचे. कारण २०२० मध्ये सापडलं. टायरला तडे जाऊ नयेत म्हणून त्यात घालतात ते एक रसायन हवेतल्या ओझोनशी संयोग पावून विष बनतं, आणि झिजलेल्या रबराबरोबर पाण्यात उतरतं. मी ही गाडी धूर नको म्हणून घेतली. टायर नीट धावणं हाही त्याच कारणाचा भाग आहे, असं मला आता मनापासून वाटतं. सिग्नलला मी हल्ली पाय दाबत नाही, नुसता टेकवते.

पुण्यात पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये वीसच्या वीस नट पुन्हा तपासले. शंभरेक किलोमीटरनंतर हे करावंच लागतं, चाक बसतं आणि एखादा नट किंचित ढिला होतो. एकच नट पाव आटा फिरला, पुढं उजवीकडचा. त्याच आठवड्यात दुसऱ्या ठिकाणी अलाइनमेंट करून घेतली, या वेळी शेजारी उभं राहून. पडद्यावर पुढच्या दोन्ही चाकांचे आकडे लाल होते, डाव्याचे जास्त. रस्त्याच्या डाव्या कडेचे खड्डे रोज तेच चाक खातं. कारागीर तरुण होता, त्यानं आकडे हिरवे होईपर्यंत रॉड फिरवले आणि न विचारता आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद छापून दिले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस सुरू व्हायच्या आदल्या रविवारी, एकवीस हजाराला मी पार्किंगमध्ये मापक घेऊन बसले आणि अण्णांना फोन लावला. त्यांनी डायरी आधीच उघडून ठेवली होती.

"पुढचे?"

"पाच पॉइंट सहा. दोन्ही."

"मागचे?"

"चार आठ."

थोडा वेळ नुसता पेनाचा आवाज. "मागं अजून कमीच आहेत. पावसात हळू जा. घाटात पाणी साचलं दिसलं की थांबलीस तरी चालेल."

"हो."

"आता बदलू नकोस. दिवाळीपर्यंत येतील बरोबरीला, तेव्हा बघू. आणि तो डावा? त्याची आतली कड?"

मागच्या डाव्या चाकाशी, चंद्रकोरीच्या ओरखड्यापाशी, मी फरशीवर पार आडवी झाले, मोबाईलचा दिवा लावला आणि सुई खाचेत रोवली. "साडेतीन."

"नोव्हेंबरात तीन नऊ होती," त्यांनी डायरीतून वाचलं. "मध्ये?"

"मध्ये पाच दोनची चार आठ."

"म्हणजे दोन्हीकडं चारच पॉइंट," अण्णा म्हणाले, आणि मला त्यांनी आकडा लिहून त्याखाली रेघ मारल्याचं ऐकू आलं.